काळी पाच : युफोनियमच्या अल्बमबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अल्बम आल्यापासून फोनवर रोज दोन-चार जण तरी तेच ते विचारतात. निम्म्यांना वाद्याचं नाव हवं असतं, उरलेल्यांना लग्नाच्या सुपारीचा दर. मधले काही जण खरोखर संगीताचं विचारतात, त्यांना घाईत अर्धवट उत्तर देऊन नंतर मलाच चुटपुट लागते. म्हणून एकदाचं बसून सगळं लिहून काढलं.

युफोनियम म्हणजे नेमकं कोणतं वाद्य? आम्ही त्याला भोंगाच म्हणतो.

म्हणा की. आमच्या घरातही भोंगाच म्हणतात. बँडमध्ये ट्रंपेट आणि क्लॅरिनेटवाल्यांच्या मागे जो माणूस पोटाशी भलंमोठं पितळी वाद्य धरून चालतो, ज्याचं तोंड आभाळाकडे असतं, तो युफोनियमवाला. गुंडाळलेली नळी सरळ केली तर जवळपास नऊ फूट भरते, म्हणजे पावणेतीन मीटर. ती फुंकायच्या टोकापासून हळूहळू रुंद होत जाते. त्यामुळे आवाज ट्रंपेटसारखा टोचत नाही, गोल येतो. पुरुषाच्या गळ्याच्या जवळचा. जर्मनीतल्या वायमारच्या झोमर नावाच्या माणसाने १८४३ च्या सुमारास हे वाद्य पुढे आणलं, असं सांगतात. नाव ग्रीक आहे, अर्थ 'गोड आवाजाचा'. आपल्याकडे ते पलटणींच्या बँडबरोबर आलं आणि पलटणी गेल्यावर लग्नाच्या मांडवात राहिलं.

जाता जाता एक. सॅक्सोफोन पितळेचा असला तरी आमच्या जातकुळीचा नाही. त्याला वेताची पट्टी लागते, आमचा आवाज ओठांच्या थरथरीतून निघतो. कदरी गोपालनाथ यांनी सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत वाजवून दाखवलं तेव्हापासून लोक मला "तसलंच का?" असं विचारतात. तसलं नाही. माझ्या वाद्याची खरी भावकी तुतारीशी आहे.

अल्बमचं नाव 'काळी पाच' का?

कारण एकही व्हॉल्व, म्हणजे बोटाने दाबायची कळ, न दाबता फुंकलं की हे वाद्य काळी पाचमध्ये बोलतं. पेटीवर पाहिलंत तर पाचवी काळी पट्टी. ओठ हळूहळू आवळत नेले की त्याच उघड्या नळीतून एकावर एक सूर निघतात: सा, वरचा सा, प, आणखी वरचा सा, ग, प, मग एक विचित्र कोमल नी, आणि पुन्हा सा. नळीला दुसरं काही येतच नाही. बाकीचे सूर व्हॉल्वने नळी लांब करून काढायचे. पहिला व्हॉल्व एक पूर्ण स्वर खाली नेतो, दुसरा अर्धा, तिसरा दीड.

आता गंमत त्या गंधाराची, म्हणजे वरच्या 'ग'ची. पेटीच्या गंधारापेक्षा तो १४ सेंट उतरलेला असतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा. बँडमध्ये आमचे मास्तर त्यावरून मला सतत बोलायचे, "गंधार पडतोय, वर घे." मी वीस वर्षं ओठ आवळून तो वर ओढत राहिलो. मग एका गायकाच्या घरी तानपुरा लावलेला असताना सहज फुंकलं, आणि तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार आणि माझा गंधार एकमेकांत विरघळून गेले. तारेतूनही पाचवा अंशस्वरच, म्हणजे मूळ सुराच्या पोटातून आपोआप निघणारा सूर, ऐकू येतो, माझ्या नळीतूनही तोच येतो. वाद्य वीस वर्षं बरोबर होतं, पेटी वेगळी होती. अल्बमची सुरुवात खरं तर त्या संध्याकाळी झाली.

तुम्ही परण्याला, म्हणजे नवरदेवाच्या मिरवणुकीला, वाजवणारेच ना? लातूरकडे आमच्या मामाच्या लग्नात बघितल्यासारखं वाटतं.

हो, असेन. आमचा बँड वडिलांच्या वेळेपासूनचा आहे. मी तेरा-चौदा वर्षांचा असताना झांजा वाजवायला लागलो, पुढे एक काका दमेकरी झाले आणि त्यांचं युफोनियम माझ्या अंगावर पडलं. तिथपासून परण्या, वरात, गणपती, जयंती, शाळेची प्रभातफेरी, सगळं वाजवलं. त्याची मला लाज नाही, आणि "बँडवाला असून" या शब्दांनी सुरू होणारं कौतुक मला नको असतं.

पण एक हिशेब मी एकदा मांडला. इतक्या वर्षांत जी काही शेकडो गाणी वाजवली, त्यातलं एकही माझ्या वाद्यासाठी बांधलेलं नव्हतं. सगळी कुणाच्या तरी गळ्याची. आम्ही त्यांची सावली. डीजे आला आणि सावलीची गरज संपली, कारण तो थेट गळाच वाजवतो. शेजारच्या तालुक्यातले तीन बँड आमच्या डोळ्यादेखत बंद पडले. तेव्हा वाटलं, या वाद्याकडे स्वतःचं असं काहीतरी हवं, जे डीजेला वाजवताच येणार नाही.

मग जगात या वाद्यासाठी कुणी काहीच लिहिलेलं नाही का?

लिहिलंय, पण तुटपुंजं. इटलीच्या पोंकिएल्लीने १८७२ साली या जातीच्या वाद्यासाठी कॉन्चेर्तो लिहिला, म्हणजे एक वाद्य पुढे आणि बाकीचा ताफा साथीला अशी रचना. जोसेफ होरोविट्झचा युफोनियम कॉन्चेर्तो १९७२ चा, बरोबर शंभर वर्षांनी. तो इंग्लंडमधल्या ब्रास बँडच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी लिहून घेतलेला. होल्स्टच्या 'प्लॅनेट्स' या ग्रहांवरच्या रचनेत मंगळाच्या भागात टेनर ट्यूबा आहे, तो बहुतेक वेळा युफोनियमवरच वाजवतात. पण व्हायोलिन किंवा पियानोवाल्याकडे जे कपाटभर असतं, ते आमच्याकडे एका पिशवीत मावतं.

पितळी वाद्यांची पिशवी भरली ती अशीच, वादकांनी मागून मागून. अँटोन वाइडिंगर नावाच्या ट्रंपेटवाल्याकडे चाव्यांचं नवं ट्रंपेट होतं, त्याच्यासाठी हायडनने १७९६ मध्ये कॉन्चेर्तो लिहिला. आज जगातला प्रत्येक ट्रंपेटवाला तो वाजवतो, ते चावीचं ट्रंपेट मात्र कधीच मागे पडलं. आपल्या काळात स्वीडनच्या हाकान हार्डेनबर्गर या ट्रंपेटवाल्याने कितीतरी रचना आपल्यासाठी लिहून घेतल्या. ऑस्ट्रियाच्या ग्रुबरने त्याच्यासाठी लिहिलेली 'एरियल' १९९९ मध्ये लंडनच्या प्रॉम्स संगीत महोत्सवात पहिल्यांदा वाजली. वादक रचनाकाराच्या दारात जाऊन बसतो, एवढीच ती रीत. मी बसलो ते अंबाजोगाईत, परभणीत आणि पुण्यात.

रचना लिहून घेणं म्हणजे काय? चाल लावून घेण्यासारखंच का?

जवळपास, पण चालीत शब्द असतात आणि शब्दांना धरून चाल चालते. इथे धरायला वाद्याशिवाय काहीच नाही. म्हणून मी प्रत्येक रचनाकाराकडे पहिल्या भेटीला वाद्य घेऊन गेलो आणि तासभर त्याला नुसतं फुंकून दाखवलं. काय सोपं, काय अवघड, कुठे आवाज घोगरा होतो, सगळ्यात खालचा सूर किती वेळ टिकतो. एकाने तर तो तासभर डोळे मिटून ऐकलं आणि शेवटी विचारलं, "श्वास घेतानाचा आवाज ठेवायचा की काढायचा?" त्याच क्षणी मी मनात त्याचं नाव पक्कं केलं.

पाच जणांकडून पाच रचना घेतल्या. मानधन प्रत्येकाला सारखं ठेवलं. अर्धं आधी, अर्धं कागद हातात आल्यावर. आमच्या धंद्यात सुपारीला इसार घेतात, तोच नियम उलटा लावला. इसार मी दिला.

लिपीचा घोळ बराच झाला. दोघांनी सा-रे-ग अक्षरांच्या भातखंडे पद्धतीत लिहिलं, दोघांनी पाच रेघांच्या स्टाफवर, आणि एकाने काहीच लिहिलं नाही, मोबाइलवर गाऊन पाठवलं. बँडच्या रिवाजाप्रमाणे युफोनियमवाल्याच्या कागदावर 'सी' लिहिलेला असतो तेव्हा वाजतो काळी पाचचा सूर. पुण्याच्या रचनाकाराला हे मी सांगायला विसरलो. पहिल्या तालमीला पेटी एकीकडे, मी दुसरीकडे. चहा दोनदा झाला तेव्हा कुठे कारण सापडलं.

पैसे देऊन लिहून घेतली म्हणजे रचना तुमच्या मालकीची झाली का?

नाही. हा गैरसमज फार आहे, आणि आधी मलाही होता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या रचनाकाराने पैसे घेऊन लिहून दिली तरी रचनेचा पहिला मालक तोच असतो. तो नोकरीत असता तर गोष्ट वेगळी. हक्क माझ्याकडे यायचे असतील तर लेखी करार हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर कलम १९ प्रमाणे ती ५ वर्षं धरली जाते, आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. तोंडी "ठरलंय आपलं" याला तिथे किंमत नाही.

रचना वेगळी आणि तिचं रेकॉर्डिंग वेगळं, हेही लक्षात ठेवा. रचनेचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्याच्या पश्चात ६० वर्षं राहतो. रेकॉर्डिंगचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. आम्ही असं ठरवलं की रचना त्यांच्याकडेच, रेकॉर्डिंग माझं, आणि पहिली दोन वर्षं दुसऱ्या कुणी ती रेकॉर्ड करायची नाही. दोन पानांचा करार झाला, मराठीत. लातूरच्या एका ओळखीच्या वकिलाने नजरेखालून घातला आणि फी म्हणून भाचीच्या लग्नात बँड मागितला.

अल्बमवर काय काय आहे?

पाच रचना, मिळून ४७ मिनिटं. पहिली युफोनियम आणि संबळ. तुळजापूरच्या गोंधळाचा ठेका, पण गाणं नाही. संबळवाले गोंधळी घराण्यातले, वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. त्यांना कागद दाखवला तर म्हणाले, "बाबा, तू वाजीव, मी बघतो." आणि बघितलं. सहा मिनिटांत त्यांचा हात एकदाही चुकला नाही, माझा तीनदा.

दुसरी पेटीबरोबर आहे, छोटी. तिच्यात माझा उतरलेला गंधार आणि पेटीचा चढा गंधार मुद्दाम समोरासमोर ठेवलेत. काहींना ती बेसूर वाटते. ती तशीच लिहिलेली आहे.

तिसरी 'वाघिणी'. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आलं, त्यावर. पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या, पुढे पन्नास झाल्या. रचनाकार तेव्हा लातुरात कॉलेजला होता, नळाच्या रांगेत उभा राहिलेला. चार युफोनियम आहेत, चारही मीच, एकावर एक रेकॉर्ड केलेले. लोकांना रेल्वेची शिट्टी ऐकायची असते. ती नाही. रिकाम्या घागरीत पाणी पडताना सूर हळूहळू चढत जातो ना, सगळी रचना त्या चढण्यावर बांधली आहे.

चौथी तुतारीबरोबर. तुतारीला व्हॉल्व नाहीत, तिच्या नळीला जे सूर येतात तेवढेच. आम्ही भाड्याने आणलेली तुतारी पांढरी सहापेक्षा जराशी उतरलेली निघाली, आणि मी काळी पाचवाला. रचनाकाराने डोकं लढवलं: मी दुसरा व्हॉल्व पूर्ण रचनाभर दाबून धरायचा, म्हणजे पांढरी सहा, आणि मुख्य स्लाइड, म्हणजे नळीचा सरकता भाग, दोन सेंटिमीटर ओढायची. त्यामुळे माझं वाद्यही बिनव्हॉल्वची तुतारी झालं. सात मिनिटं एक बोट दाबून ठेवायचं हे ऐकायला सोपं वाटतं. घरी करून बघा.

पाचवी मारवा रागातली. सर्वात लांब, सोळा मिनिटांची, आणि तिच्याबद्दल मी खाली वेगळं लिहिलंय.

युफोनियमवर मींड निघते का? ट्रॉम्बोन का नाही घेतला?

मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. ट्रॉम्बोनच्या सरकत्या नळीवर ती आयती मिळते, तीही अखंड सहा अर्धस्वरांपर्यंतच. पण मी ट्रॉम्बोन वाजवत नाही, विषय संपला.

युफोनियमवर दोन उपाय आहेत. एक म्हणजे व्हॉल्व अर्धा दाबून सूर घसरवायचा. त्यात आवाज कोंदतो, रजईखालून आल्यासारखा. दुसरा म्हणजे फक्त ओठांनी सूर वाकवायचा. माउथपीस मोठा असल्यामुळे ट्रंपेटपेक्षा इथे थोडी मोकळीक असते, तरी अर्ध्या स्वरापलीकडे गेलं की सूर पुढच्या खाचेत उडी मारतो. मी दोन्हींची सरमिसळ करतो. ओठांनी सुरुवात, मध्ये अर्धा व्हॉल्व, ओठांनी शेवट. मधला कोंदलेला भाग लपवण्यात दोन वर्षं गेली. पूर्ण लपलेला नाही.

मारवा निवडला तो रचनाकाराने, मी नाही म्हणत होतो. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, आणि पंचम (प) वर्ज्य, म्हणजे घ्यायचाच नाही. माझ्या उघड्या नळीत सा नंतर लगेच पंचमच आहे, ओठ जरा ढिले पडले की तोच येतो. म्हणजे जो सूर वाद्य स्वतःहून देतं तोच घ्यायचा नाही. "म्हणूनच मारवा," असं तो म्हणाला.

रेकॉर्डिंग जिनिंगच्या गोदामात केलं हे खरं का?

खरं. मानवतजवळचं एक कापसाचं जिनिंग आहे, त्याच्या पत्र्याच्या गोदामात. हौस म्हणून नाही केलं. आधी एका शहरातल्या स्टुडिओत दोन दिवस घालवले. खोली लहान, भिंतींना सगळीकडे स्पंज. युफोनियमचा आवाज वर जातो, छतावर आपटून खोलीत पसरतो आणि मग कानावर येतो. तिथे तो वर गेला तो गेलाच. रेकॉर्डिंग ऐकलं तर वाद्य डब्यात ठेवल्यासारखं. शिवाय ध्वनिमुद्रकाने माइक थेट तोंडावर टांगला होता, आणि "सर, बँडचा आवाज कापायला लागतो" असं म्हणून चढे सूर काढून टाकले होते. पैसे दिले, नमस्कार केला, निघालो.

मे महिन्यात जिनिंग बंद असतं. मालक आमच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी, त्यांच्या दोन मुलांच्या वराती आम्हीच वाजवल्या. गोदाम उंच, रिकामं, आणि एका कडेला भाव यायची वाट बघत ठेवलेल्या रुईच्या गाठी. एक गाठ १७० किलोची. मला वाटलं, झालं काम, गाठींची भिंत रचली की आवाज शोषला जाईल. मालकांनी फोर्कलिफ्ट दिला, आम्ही अर्धचंद्रासारख्या गाठी लावल्या, टाळी वाजवली, आणि पत्रा पूर्वीसारखाच झिणझिणला. दाबून बांधलेल्या गाठीत हवा शिरत नाही, म्हणून ती आवाज खात नाही, जवळपास भिंतीसारखीच परतवते. आवाज खायला सुटी रुई लागते. मग रुईने सैल भरलेली चाळीसेक पोती पत्र्याच्या बाजूने टांगली आणि गाठी मागे तशाच राहू दिल्या. पत्र्याची झिणझिण गेली, गोदामाचा मोठेपणा राहिला. मला हवा होता तो आवाज तिथे पहिल्यांदा ऐकला. माइक रिबनचा, वाद्याच्या तोंडापासून दीड मीटर वर आणि थोडा बाजूला. शिवाय माइकची एक जोडी दूर, गाठींच्या टोकाला.

दिवसा काम करणं शक्यच नव्हतं. ऊन, ट्रॅक्टर, तिथी दाट असल्यामुळे आजूबाजूच्या गावांतले डीजे. रात्री अकरा ते पहाटे चार. जिनिंगमध्ये आगीची धास्ती असते म्हणून हॅलोजन नाही, विडी-काडी नाही, चहाची शेगडी फाटकाबाहेर. वीज असली की तारांतून ५० हर्ट्झची गुणगुण येई. कुणाला ती ऐकूही येणार नाही, पण काळी पाचचा सा धरला की ती बरोबर धैवताशेजारी ('ध'च्या) येते, ३५ सेंट चढी. आणि मारव्यात धैवत संवादी, म्हणजे दुसरा महत्त्वाचा सूर! सोळा मिनिटं कुणीतरी शेजारी बसून बेसूर धैवत धरलाय, असं वाटायचं. शेवटी मेन स्विच पाडला आणि सगळं बॅटरीवर चालवलं.

मारवा चार रात्री रेकॉर्ड करावा लागला असं ऐकलं. का?

माझ्या चुकीमुळे. हवा तापली की तिच्यातला आवाजाचा वेग वाढतो, दर अंशाला सेकंदाला साधारण ०.६ मीटर, आणि फुंकून वाजवायचं वाद्य चढतं. अकरा वाजता गोदामात ३४ अंश, पहाटे चारला २७. कागदावर हिशेब केला तर तेवढ्याने २० सेंटचा फरक. प्रत्यक्षात थोडा कमी, कारण नळीत माझा गरम श्वासही असतो. बँडमध्ये याचं कुणाला काही वाटत नाही, सगळेच एकदम चढतात आणि एकदम उतरतात. इथे तानपुरा मोबाइलमधला. त्याला ना ऊन ना वारा.

पहिल्या रात्री एक वाजता आलाप उत्तम झाला, चार वाजता शेवटचा भाग उत्तम झाला. दुसऱ्या दिवशी दोन्ही जोडले तर जोड उघडा पडला, जणू दोन वेगळे वादक. मग ठरवलं की मारवा जोडायचा नाही, सलग घ्यायचा, आणि प्रत्येक वेळी आधी पाच मिनिटं फुंकून तानपुरा माझ्याकडे आणायचा, मी त्याच्याकडे जायचं नाही. दुसऱ्या रात्री रातकिडे. तिसऱ्या रात्री वळीव. पत्र्यावर पाऊस पडायला लागला की गोदामात एकमेकांचं बोलणंही ऐकू येत नाही, आम्ही पोत्यांवर झोपून गेलो. चौथ्या रात्री, पावणेतीन वाजता, पाऊस पडून गार झालेल्या हवेत तो एकदाचा झाला. नवव्या मिनिटाला पंचम निसटतोय की काय असं वाटतं, तो सावरलेला आवाजही ठेवलाय.

ऑटोट्यून (सूर आपोआप दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर) वापरलं का?

नाही. वापरलं असतं तर त्याने माझा गंधार पेटीवर नेऊन बसवला असता. बाकी रचनांमध्ये टेक जोडलेत, सगळेच जोडतात. 'वाघिणी'त तर एकवीस जोड आहेत.

एवढं फुंकून ओठ दुखत नाहीत का?

दुखण्यापेक्षा ते 'जातात'. म्हणजे फुंक आहे, पण ओठ थरथरायचे थांबतात. वरातीत अशा वेळी शेजारच्याला खूण करून दोन कडवी सोडता येतात. एकट्याच्या रेकॉर्डिंगमध्ये शेजारी कुणी नसतो. तीन तासांच्या वर बसायचं नाही, दर वीस मिनिटांनी वाद्य खाली ठेवायचं, आणि जेवणात ठेचा नाही. हे शेवटचं मी पहिल्या रात्री पाळलं नाही, मालकांच्या घरून भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा आला होता. ओठ इतके चुणचुणले की संबळवाले बाबा दोन तास बसून राहिले.

आणि हो, नळीतून जे पाणी काढतो ती थुंकी नसते, बहुतेक श्वासाची वाफ थंड होऊन झालेलं पाणी असतं. लहान मुलांच्या आयांसाठी लिहिलं.

आमच्या बँडने या रचना वाजवल्या तर चालतील का? पैसे द्यावे लागतील का?

वरातीत वाजवा, बिनधास्त. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक आणि सरकारी समारंभांना सूट आहे, आणि लग्नाची मिरवणूक आणि लग्नासोबतचे इतर समारंभ त्यात स्पष्ट धरलेले आहेत. तिकीट लावून कार्यक्रम करणार असाल किंवा रेकॉर्ड करून टाकणार असाल तर रचनाकाराला विचारा. नंबर मी देतो, पाचही जण बोलायला साधे आहेत. कागद हवे असतील तर झेरॉक्सचा खर्च पाठवा, भातखंडे आणि स्टाफ दोन्हीत तयार आहेत.

मारवा मात्र वरातीत वाजवू नका. एका गावात आमच्याच पोरांनी हौसेने सुरू केला, तर नवरदेवाची आत्या येऊन म्हणाली, "मास्तर, घरात सगळं बरं हाय न्हवं?"

मुलाला शिकवायचंय. वाद्य कुठून घ्यावं?

नवं भारतीय वाद्य हवं तर मेरठच्या जली कोठी भागात बँडच्या वाद्यांचे कारखाने आहेत, आपल्याकडचे बहुतेक बँड तिथूनच मागवतात. पण सुरुवातीला जुनं घ्या. बंद पडलेल्या बँडांची वाद्यं मराठवाड्यात कितीतरी माळ्यांवर पडून आहेत. घेताना पॉलिश बघू नका. व्हॉल्व न दाबता त्याची स्लाइड झटकन ओढा, बूच उघडल्यासारखा 'टप' आवाज आला तर नळी बंदिस्त आहे. नुसती सरकली तर व्हॉल्व झिजलेत, सोडून द्या. व्हॉल्व वर-खाली करताना खरखर येत असेल तर आधी धुऊन बघा, वर्षानुवर्षांचा गुलाल असतो आत. माझ्या वाद्यातून पहिल्यांदा धुताना निघालेलं पाणी गुलाबी होतं.

चार व्हॉल्वचं मिळालं तर उत्तम. तीनच असले तर पहिला आणि तिसरा एकत्र दाबल्यावर सूर चढा येतो, तिन्ही दाबल्यावर आणखी चढा. मुलाचा कान खराब आहे असं समजून त्याला रागावू नका, नळीचाच हिशेब चुकतो. वय दहा-बारा पुरे, फक्त पुढचे दात पक्के आलेले असावेत.

सीडी मिळेल का?

दोनशे काढल्या होत्या, पंचवीस-तीस उरल्यात. बाकी मोबाइलवर आहेच. पण मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, खालचे सूर त्यातून येतच नाहीत, आणि मग म्हणता, मधेमधे बंद का पडतं.

लग्नाची सुपारी अजून घेता का?

घेतो. तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा भरत आल्यात. अठरा माणसं, परण्या आणि वरात दोन्ही, जेवण तुमच्याकडे. रात्री दहाला वाजवणं बंद, मग नवरदेव कुणाचाही असो. इसार दिल्याशिवाय तारीख धरत नाही. फोन दुपारी चारनंतर करा, सकाळी मी गोठ्यामागे लांब सूर फुंकत असतो, फोन घरात असतो.